हरहुन्नरी की हरकाम्या? : होसे ओकेंडोच्या निमित्ताने

मराठीत 'हरहुन्नरी' असा एक शब्द आहे आणि 'हरकाम्या' असाही एक आहे. पुष्कळदा हे दोन्ही शब्द एकाच माणसाला लागू पडतात. त्यांपैकी कोणता वापरला जाईल हे त्याच्या अंगच्या कसबापेक्षा त्याला मिळालेल्या जागेवरून ठरते. ज्याची स्वतःची जागा पक्की आहे आणि जो तिच्या पलीकडेही चार गोष्टी करतो, तो हरहुन्नरी. ज्याला स्वतःची जागाच नाही आणि म्हणून जो पडेल तिथे उभा राहतो, तो हरकाम्या. 'अष्टपैलू' हा तिसरा शब्द मी मुद्दाम बाजूला ठेवतो. सत्कारसमारंभांनी तो इतका झिजवला आहे की ज्याच्याविषयी नेमके काही सांगता येत नाही त्याला तो हमखास बहाल केला जातो.

होसे ओकेंडो या पोर्तो रिकोच्या बेसबॉलपटूची कारकीर्द या पहिल्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत घडली. न्यूयॉर्क मेट्स आणि सेंट लुइस कार्डिनल्स या दोन संघांकडून तो १९८३ ते १९९५ या काळात मेजर लीगमध्ये खेळला. पुढे कार्डिनल्सचाच प्रशिक्षक झाला. बेसबॉलच्या आख्यायिकांत त्याचे नाव निघते ते 'नऊही जागांवर खेळलेला माणूस' म्हणून. ही आठवण खोटी नाही. पण एका गंभीर खेळाडूला आणि त्याहून गंभीर शिक्षकाला तिने नवलाईच्या वस्तूंच्या कपाटात नेऊन ठेवले आहे, असे मला वाटते. आणि त्या कपाटातून तो त्याच्या स्वतःच्या संघालाही शेवटपर्यंत पुरता बाहेर काढता आला नाही.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे. क्षेत्ररक्षकाला कर्णधाराने पॉइंटवरून मिडऑनला पाठवले तर त्यात आपल्याला विशेष काही वाटत नाही. बेसबॉलमध्ये तसे नाही. तिथल्या नऊ जागा हे जवळजवळ नऊ व्यवसाय आहेत. पिचर आणि कॅचर तर उघडच वेगळे. पण पहिल्या बेसवरचा माणूस आणि शॉर्टस्टॉप यांच्याही हालचाली, फेकीचे कोन, हातमोजे, एवढेच काय शरीराची ठेवणही निराळी. दुसऱ्या बेसवर उभा राहणारा खेळाडू 'डबल प्ले' करताना आपल्या अंगावर येणाऱ्या धावपटूकडे अर्धी पाठ करून चेंडू घेतो. शॉर्टस्टॉप तेच काम समोरून करतो. हा फरक वाचायला क्षुल्लक वाटतो, परंतु हातापायांना तो शिकवायला वर्षे लागतात. एखाद्या सतारियाला उद्यापासून सारंगी वाजव म्हणावे, तितका नसला तरी त्या जातीचा हा पालट आहे.

ओकेंडो मूळचा शॉर्टस्टॉप. मेट्सने त्याला करारबद्ध केले तेव्हा तो अजून शाळकरी वयाचा होता. १९८३ साली, एकोणिसाव्या वर्षी, तो मेजर लीगमध्ये उतरला. हात उत्तम, बॅट अशक्त. बेसबॉलमध्ये अशा खेळाडूसाठी एक मोडके-तोडके इंग्रजी वाक्य फार पूर्वीपासून रूढ आहे : क्षेत्ररक्षण चांगले, फलंदाजी नाही. या वाक्याचे जनकत्व ज्याला दिले जाते त्या माणसाकडे मला पुढे यायचे आहेच. मेट्सला दोन वर्षांत या मुलाचा कंटाळा आला. १९८५च्या एप्रिलमध्ये त्यांनी त्याला सेंट लुइसला देऊन टाकले, आणि ते सबंध वर्ष त्याने खालच्या दर्जाच्या लीगमध्ये काढले.

सेंट लुइसला शॉर्टस्टॉपच्या जागेवर ऑझी स्मिथ होता. क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा गोल्ड ग्लव्ह हा पुरस्कार स्मिथने १९८० ते १९९२ अशी सलग तेरा वर्षे घेतला. त्या जागेवर त्याच्याहून श्रेष्ठ कोणी झालाच नाही असे मानणारे जाणकार पुष्कळ आहेत. म्हणजे ओकेंडोला जे येत होते, नेमके तेच जगात सर्वांत चांगले करणारा माणूस त्याच्याच संघात, त्याच्याच जागेवर उभा होता. त्याचे बहुविधत्व इथून सुरू होते. ते प्रतिभेच्या ओसंडण्यातून आलेले नाही, जागेच्या टंचाईतून आलेले आहे. व्हायटी हर्झॉग या चाणाक्ष मॅनेजरने (बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा मुख्य प्रशिक्षक आणि कर्णधार यांचे मिश्रण) त्याला आज इथे, उद्या तिथे उभे करायला सुरुवात केली, आणि लोक त्याला संघाचे 'गुप्त शस्त्र' म्हणू लागले. शस्त्राला स्वतःची जागा नसते हे त्या कौतुकात कोणाच्या ध्यानात आले नसावे.

इथे एक भेद करणे अगत्याचे आहे. एकाच सामन्यात नऊही जागांवर खेळण्याचा पराक्रम ओकेंडोच्या आधी दोघांनी केला होता. क्युबाच्या बर्ट कॅम्पानेरिसने तो १९६५ साली कॅन्सस सिटीसाठी केला. चार्ली फिन्ले या हौशी मालकाने प्रेक्षक खेचण्यासाठी रचलेला तो खेळ होता. नवव्या डावात कॅचर म्हणून उभा असताना धावपटूशी टक्कर होऊन कॅम्पानेरिसचा खांदा दुखावला आणि त्याला मैदान सोडावे लागले. १९६८ साली मिनेसोटाच्या सेसर टोव्हारने तेच केले. पहिला डाव त्याने पिचर म्हणून टाकला, त्यात रेजी जॅक्सनला बाद केले. आणि योगायोग असा की त्याच्यासमोर आलेला पहिला फलंदाज कॅम्पानेरिसच होता. हे दोन्ही प्रसंग मनोरंजक आहेत, पण ते प्रयोग आहेत. सर्कशीच्या अंगाने जाणारे प्रयोग. दोन्ही मोसमाच्या शेवटाशी, सप्टेंबरात झाले, हेही बोलके आहे.

ओकेंडोने १९८८ साली जे केले ते निराळ्या जातीचे होते. एका सबंध मोसमात तो नऊही जागांवर खेळला. नॅशनल लीगमध्ये असे १९१८नंतर प्रथमच घडले. (त्या आधीचा मानकरीही सेंट लुइसचाच, जीन पॉलेट नावाचा. जुगाऱ्यांशी असलेल्या संबंधांमुळे १९२१ साली त्याला तहहयात बंदी झाली. तेव्हा संघाने ते स्मरण फारसे जपले नसावे.) नऊपैकी बहुतेक जागांवर ओकेंडोला उभे राहावे लागले ते कोणी जखमी झाले म्हणून, कोणाला विश्रांती हवी होती म्हणून, सामना हाताबाहेर लांबला म्हणून. शेवटची कॅचरची जागा आकडा पुरा करण्यासाठी दिली गेली असेल. एवढी हौस क्षम्य आहे.

त्या मोसमातली १४ मेची रात्र मात्र मुळातून समजून घ्यावी अशी आहे. समोर अटलांटा ब्रेव्ह्ज. नऊ डावांत निकाल लागला नाही, सामना लांबत गेला आणि पंधराव्या डावानंतर हर्झॉगजवळ टाकायला पिचर उरला नाही. सोळाव्या डावात त्याने ओकेंडोच्या हाती चेंडू दिला. मग मैदानात एक माणूस कमी पडला; म्हणून होसे डिलिऑन या पिचरला, जो त्या दिवशी चेंडू टाकू शकत नव्हता, बाहेरच्या मैदानात उभे केले. डिलिऑनकडे चेंडू जाण्याचा संभव कमीत कमी राहावा म्हणून, समोर डावखुरा फलंदाज आहे की उजवा हे पाहून तो आणि टॉम ब्रुनान्स्की डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल करीत राहिले. ओकेंडोने सोळावा, सतरावा आणि अठरावा असे तीन डाव एकही धाव न देता काढले. ज्याचा तो व्यवसाय नाही अशा माणसाने मेजर लीगच्या फलंदाजांना तीन डाव रोखून धरणे म्हणजे काय, हे आकड्यांत सांगता येत नाही. एकोणिसाव्या डावात, दोन जण बाद असताना, केन ग्रिफीने दोन धावा काढून देणारा फटका मारला. सामना ब्रेव्ह्जने ७–५ असा जिंकला, आणि पराभवाची नोंद पिचर म्हणून ओकेंडोच्या नावावर पडली. पिचर नसलेल्या खेळाडूच्या नावे जयाची वा पराजयाची नोंद होण्याची १९६८नंतरची ती पहिली वेळ.

मला या प्रसंगात नवलाई दिसत नाही, एक प्रकारची क्रूरता दिसते. दुसऱ्याचे काम तुम्ही त्याच्या अनुपस्थितीत निभावता, बऱ्यापैकी निभावता, आणि अखेर हिशेब मांडताना हार तेवढी तुमच्या खात्यावर येते. आमच्या महाविद्यालयीन विश्वात अशी माणसे परिचयाची आहेत. भाषाविज्ञानाला कोणी नाही म्हणून भाषाविज्ञान, लोकसाहित्याला कोणी नाही म्हणून लोकसाहित्य, शिवाय वार्षिक अंक, शिवाय परीक्षांचे बैठक-क्रमांक, आणि निवडसमितीपुढे गेल्यावर प्रश्न येतो : "आपलं नेमकं अभ्यासक्षेत्र कोणतं?" असो.

ओकेंडोला नेमके अभ्यासक्षेत्र मिळाले तेव्हा काय झाले, हे त्याच्या आख्यायिकेत कुठेच येत नाही, म्हणून थोडे सांगतो. १९८९ साली त्याला दुसरा बेस कायमचा मिळाला. त्या वर्षी तो १६३ सामने खेळला. मोसम १६२ सामन्यांचा असतो; एक सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळला गेला म्हणून हा चमत्कारिक आकडा. ज्याची बॅट अशक्त म्हणून मेट्सने त्याला घालवले, त्याची त्या वर्षीची सरासरी होती ०.२९१. पुढच्या वर्षी, १९९०मध्ये, सबंध मोसमात दुसऱ्या बेसवर त्याच्या हातून अवघ्या तीन चुका झाल्या. तीन! क्षेत्ररक्षणाची टक्केवारी ०.९९६. तरी त्या वर्षीचा गोल्ड ग्लव्ह शिकागोच्या राइन सँडबर्गला गेला. सँडबर्ग हा श्रेष्ठच खेळाडू होता, त्याविषयी दुमत नाही. सलग १२३ सामने चूक न करण्याची त्याची कामगिरी त्याच सुमाराची. परंतु त्या वर्षी त्याने चाळीस होमरनही मारले होते, आणि क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक देताना मत देणाऱ्यांच्या नजरेसमोरून ते चाळीस होमरन हलले असतील असे मला वाटत नाही. साहित्यातले पुरस्कारही एका ग्रंथाला देताना दुसऱ्याच ग्रंथाची आठवण ठेवून दिले जातात, हे आपण जाणतोच.

ओकेंडोचे आयुष्यभराचे होमरन चौदा. त्यांत न मोजला गेलेला एक, मोसमानंतरच्या सामन्यातला, सेंट लुइसमध्ये आजही आठवला जातो. १९८७च्या ऑक्टोबरात नॅशनल लीगच्या अजिंक्यपदाचा सातवा, निर्णायक सामना सॅन फ्रान्सिस्कोशी होता. सबंध मोसमात एकच होमरन मारलेल्या ओकेंडोने दुसऱ्या डावात अॅटली हॅमेकरला तीन धावांचा होमरन ठोकला. कार्डिनल्स ६–० असे जिंकले. हा निव्वळ दैवयोग होता हे तोही नाकारणार नाही. पण दैवयोगाची आठवण राहते आणि तीन चुकांच्या मोसमाची राहत नाही, ही स्मृतीची जुनी खोड आहे.

प्रशिक्षक म्हणून त्याचा प्रवास खालूनच सुरू झाला. १९९८ साली न्यू जर्सीतल्या नवख्यांच्या संघाचा मॅनेजर, १९९९मध्ये टोनी ला रुसा या मॅनेजरचा बाकावरचा सहायक, आणि २०००पासून तिसऱ्या बेसचा प्रशिक्षक. या शेवटच्या पदाविषयी दोन शब्द. दुसऱ्या बेसकडून धावत येणाऱ्या खेळाडूला आपल्या पाठीमागे चेंडू कुठे आहे ते दिसत नाही. ते तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला प्रशिक्षक पाहतो आणि हात गरगर फिरवून 'धाव' म्हणतो, किंवा दोन्ही तळवे समोर धरून थांबवतो. निर्णयाला सेकंदभराचाही अवधी नसतो. चेंडूपर्यंत पोहोचणाऱ्या क्षेत्ररक्षकाचा हात किती दमदार आहे, तो कोणत्या पायावर आहे, मधला माणूस फेक झेलायला नीट उभा आहे का, कॅचरपुढे चेंडू कुठे टप्पा खाईल : हे सगळे एकदम वाचावे लागते. आता विचार करा, हे वाचणारा माणूस उजव्या मैदानातून स्वतः चेंडू फेकत आलेला आहे, मधला दुवा म्हणून उभा राहिलेला आहे, आणि एकदा का होईना, कॅचरच्या जागेवर वाकून बसलेला आहे. ज्याला आपण त्याच्या भटकंतीची वर्षे म्हणत होतो ती या कामाची तालीमच होती.

शिकवण्याबाबत तर हे अधिक खरे आहे. २००९च्या वसंतात कार्डिनल्सने स्किप शुमाकर या बाहेरच्या मैदानात खेळणाऱ्या गृहस्थाला दुसऱ्या बेसचा खेळाडू करण्याचे ठरवले. मोसम तोंडावर, हाती काही आठवडे. ओकेंडोने रोज सकाळी त्याच्याकडून जमिनीवरून येणारे चेंडू घोटवून घेतले, आणि मोसम सुरू झाला तेव्हा शुमाकर दुसऱ्या बेसवर उभा होता. २०१३ साली तिसऱ्या बेसच्या मॅट कार्पेंटरला त्याच जागेसाठी त्यानेच तयार केले. कार्पेंटर त्या वर्षी ऑल-स्टार संघात गेला. एका जागेवर आयुष्य काढलेला निपुण खेळाडू आपले काम दाखवू शकतो. पण ते काम मुळात न येणाऱ्याच्या शरीरात काय चालले आहे, हे त्याला आठवत नाही, कारण त्याने ते लहानपणीच गिळून टाकलेले असते. प्रौढपणी पुन्हा पुन्हा नवशिका झालेल्या माणसाला ते आठवते. एकाच जागेचे मोठमोठे खेळाडू थोर शिक्षक झाले आहेत, त्यामुळे माझ्या या विधानाचा सिद्धांत करू नये. मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागेवर माणूस नेऊन बसवायचा असेल, तर तो प्रवास केलेला वाटाड्याच हवा, एवढे मी आग्रहाने म्हणेन.

आता २०११कडे येतो. त्या ऑक्टोबरात कार्डिनल्सने वर्ल्ड सीरीज जिंकली आणि लगोलग ला रुसा निवृत्त झाला. मॅनेजरपदासाठी ज्यांच्या मुलाखती झाल्या त्यांत ओकेंडो होता. (सँडबर्गही होता! दैवाला पुनरुक्तीची हौस असते.) ओकेंडोजवळ तिसऱ्या बेसजवळची बारा वर्षे होती, २००६ आणि २०११ अशा दोन जगज्जेत्या संघांतला वाटा होता, आणि २००६ व २००९च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक स्पर्धेत पोर्तो रिकोच्या राष्ट्रीय संघाचे मॅनेजरपद होते. त्या २००९च्या संघाने अमेरिकेला एकदा ११–१ असे धुतले होते, आणि नंतर अखेरच्या डावात हातात आलेला सामना त्यांच्याशीच ६–५ असा गमावला होता. पद मिळाले माइक मॅथेनीला : संघाचा लोकप्रिय माजी कॅचर, पण व्यावसायिक संघाचा मॅनेजर म्हणून एक दिवसाचाही अनुभव नसलेला. ओकेंडो पुन्हा तिसऱ्या बेसजवळ जाऊन उभा राहिला, आणि मॅथेनीच्या हाताखाली २०१५पर्यंत उभा होता.

निवड वाया गेली असे म्हणता येणार नाही. मॅथेनीच्या पहिल्या चारही मोसमांत संघ मोसमोत्तर सामन्यांत पोहोचला, २०१३मध्ये तर वर्ल्ड सीरीजपर्यंत. जुलै २०१८मध्ये त्याला दूर केले गेले ती पुढची गोष्ट. माझा आक्षेप निकालावर नाही, विचारपद्धतीवर आहे. जो माणूस जिथे ठेवाल तिथे उपयोगी पडतो, त्याला तिथून हलवायला संस्था राजी नसतात. त्याच्या उपयुक्ततेचेच त्याच्याभोवती कुंपण होते. नेतृत्वासाठी त्यांना एकच ठसठशीत रेषा असलेला चेहरा हवा असतो, आणि नऊ जागांवर विखुरलेल्या माणसाचा चेहरा त्यांना कळत नाही.

सेंट लुइसच्या बाबतीत या गोष्टीला एक जुना पडसादही आहे. 'क्षेत्ररक्षण चांगले, फलंदाजी नाही' हे वाक्य ज्याच्या नावावर सांगितले जाते तो माइक गोन्झालेझ मूळचा हवानाचा. तोही कार्डिनल्सचा प्रशिक्षक होता, आणि तोही तिसऱ्या बेसजवळच उभा राही. १९४६च्या वर्ल्ड सीरीजच्या सातव्या सामन्यात ईनॉस स्लॉटर पहिल्या बेसपासून थेट घरापर्यंत धावत सुटला, तेव्हा वाटेत तिथे गोन्झालेझ होता. १९३८ आणि १९४० साली मॅनेजर घालवल्यावर नवा येईपर्यंत मधले काही सामने संघ गोन्झालेझच्या हाती सोपवला गेला होता. मेजर लीगमध्ये मॅनेजर झालेला तो पहिला लॅटिन अमेरिकी मानला जातो. दोन्ही वेळा ती बदलीची जागा होती. क्युबात मात्र तो हबाना संघाचा मॅनेजर आणि पुढे मालक होता. स्वदेशी धनी आणि सेंट लुइसमध्ये तिसऱ्या बेसचा प्रशिक्षक, ही रेषा गोन्झालेझपासून ओकेंडोपर्यंत सरळ खेचता येते. त्यामागे केवळ वंश आणि भाषा होती असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा मजपाशी नाही. ती मुळीच नव्हती असे म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

त्यानंतरचे थोडक्यात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०१६मध्ये ओकेंडो तिसऱ्या बेसपासून दूर झाला, फ्लोरिडातल्या ज्युपिटर येथील संघाच्या सरावकेंद्रात तरुणांना शिकवू लागला, २०१८च्या मोसमापुरता परतला आणि पुन्हा कुटुंबाजवळ फ्लोरिडाला गेला. तोवर खेळाची हवा बदलली होती. बेन झोब्रिस्टसारख्या जागा बदलत खेळणाऱ्याला २०१६च्या वर्ल्ड सीरीजमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. २०२२पासून अनेक जागांवर खेळणाऱ्यांसाठी गोल्ड ग्लव्हचा स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला, आणि नॅशनल लीगमधला पहिलाच सेंट लुइसच्या ब्रेंडन डोनोव्हनने घेतला. शुमाकर २०२३मध्ये मायामीचा मॅनेजर झाला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला.

ज्युपिटरसारख्या केंद्रांत येणारी मुले सतरा-अठरा वर्षांची असतात, कित्येक स्पॅनिश बोलणारी. आणि त्यांतली पुष्कळशी आपापल्या गावातली सर्वांत चपळ म्हणून शॉर्टस्टॉप होऊन आलेली असतात. ती जागा त्यांतल्या फार थोड्यांना मिळते. बाकीच्यांना दुसरीकडे कसे उभे राहायचे ते कोणीतरी पहिल्यापासून शिकवावे लागते.